थकलेला पगार आणि निष्काम कर्म

॥ श्रीगुरवे नमः ॥



२०२५ च्या नवरात्रात आपल्या बडोद्याच्या गटात एक प्रश्न आला होता. तेव्हा आम्ही त्याचं उत्तर दिलं नाही, कारण आमच्याजवळ ते नव्हतं. नंतर त्यावर बरंच बोलणं झालं, वाचन झालं, आणि एक गोष्ट आमच्याच अंगावर आली. ते सगळं आज आपल्यापुढे ठेवतो. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचावं, ही विनंती.

बडोद्याच्या एका काकूंची मुलगी अमेरिकेत मेरीलँडमध्ये असते. वीस वर्षं झाली, नागरिकत्वही आता तिथलंच. केंद्र सरकारच्या एका संशोधन कार्यालयात नोकरी करते. १ ऑक्टोबरला तिला सांगण्यात आलं की हातातलं काम आवरून ठेवा आणि घरी जा. पुढची सूचना येईपर्यंत यायचं नाही, पगार मिळणार नाही. घरून काम करायचं नाही, कार्यालयाची ई-मेलसुद्धा उघडायची नाही. तो दिवस आपल्याकडे खंडेनवमीचा होता. आपण घरोघरी अवजारं पुसून त्यांना हळदकुंकू वाहत होतो, आणि त्याच दिवशी त्या मुलीला तिचं अवजार खाली ठेवायला लावलं.

तिच्या शेजारी राहणारे गृहस्थ विमानतळावर तपासणीच्या कामाला आहेत. त्यांचं नेमकं उलट. त्यांना रोज कामावर यावंच लागणार, पण पगार नाही.

काकूंनी गटात एवढंच लिहिलं, "पोरीचा पगार बंद झालाय, घराचा हप्ता आहे, सगळ्यांनी प्रार्थना करा." लगेच हात जोडलेली पंधरावीस चित्रं आली. मग इंदूरच्या आपल्या एका ज्येष्ठांनी, ज्यांना आपण सगळे आबा म्हणतो, लिहिलं, "ताई, चिंता करू नका. माणसाने कर्म करावं, फळाची आशा धरू नये. गुरुमाऊलींनी आपल्याला हेच शिकवलंय."

काकूंचं उत्तर अर्ध्या तासाने आलं. "आबा, तिला कर्म करायलाच बंदी आहे. शेजाऱ्याला कर्म आहे, पगार नाही. बँकेचा हप्ता मात्र निष्काम नाही."

त्यानंतर गटात कोणीच काही लिहिलं नाही. रात्री कोणीतरी दसऱ्याच्या शुभेच्छा टाकल्या आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आम्हीसुद्धा सोडला. खरं सांगायचं तर आबांच्या त्या वाक्याला अंगठा दाखवणाऱ्यांत आम्हीही होतो.

*नेमकं काय घडलं होतं*

अमेरिकेत सरकारचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येत नाही, असं त्यांच्या राज्यघटनेतच लिहिलंय. संसदेची दोन्ही सभागृहं आणि राष्ट्राध्यक्ष यांचं वेळेत जमलं नाही, तर १ ऑक्टोबर उजाडतो आणि खर्चाला मंजुरी नसते. त्या वेळचा वाद आरोग्यविम्याच्या सवलतीवरून होता. डेमोक्रॅटिक पक्ष म्हणत होता, लोकांचे विम्याचे हप्ते वाढणार आहेत, आधी ती सवलत पुढे चालू ठेवा. रिपब्लिकन पक्ष म्हणत होता, आधी सरकार चालू ठेवा, सवलतीचं नंतर बोलू. ही अडवणूक ४३ दिवस चालली. तोवरची सर्वांत लांब अडवणूक २०१८-१९ मधली, ३५ दिवसांची होती. १२ नोव्हेंबरला कायद्यावर सही झाली, तोवर आपल्याकडे दसरा, दिवाळी आणि कार्तिकी एकादशी होऊन गेली होती.

या काळात ढोबळ अंदाजाने सहासात लाख कर्मचारी सक्तीच्या बिनपगारी रजेवर होते, आणि जवळपास तितकेच बिनपगारी कामावर. कोण घरी जाणार आणि कोण कामावर येणार, हे १८८४ च्या एका जुन्या कायद्यावरून ठरतं. त्या कायद्यामागची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. पूर्वी तिथली खाती वर्षाचा पैसा काही महिन्यांतच संपवून बसायची. मग कर्मचाऱ्यांकडून फुकट जादा काम करून घ्यायची आणि नंतर संसदेपुढे मागणी मांडायची, की यांनी काम केलंय, आता पैसे द्या. हे थांबावं म्हणून कायद्याने सांगितलं, की सरकारने कोणाची फुकट सेवा स्वीकारायचीच नाही. अपवाद फक्त माणसाचा जीव आणि मालमत्ता वाचवण्याच्या कामाचा.

म्हणून प्रयोगशाळेतली मुलगी घरी गेली. तिने स्वखुशीने काम करतो म्हटलं तरी ते चालत नाही. आणि विमानतळावरचा तपासनीस, विमानांना वाट दाखवणारा नियंत्रक, तुरुंगाचा पहारेकरी, हे सगळे कामावर राहिले, कारण त्यांच्या कामावर लोकांचे जीव अवलंबून आहेत.

आणखी एक गोष्ट आम्हाला नंतर कळली. १९८० पर्यंत मंजुरी लांबली तरी तिथली कार्यालयं बहुतेक चालूच राहत. १९८० आणि १९८१ मध्ये तिथल्या महाधिवक्त्यांनी त्या जुन्या कायद्याचा कडक अर्थ लावला, तेव्हापासून कुलपं लागायला लागली. आपल्याकडे अशी वेळ सहसा येत नाही. अंदाजपत्रकाला उशीर होणार असेल तर लोकसभा लेखानुदान मंजूर करते. आणि पैशाच्या प्रस्तावावर लोकसभेत सरकार हरलंच, तर सरकार जातं, कारकुनाचा पगार जात नाही. म्हणजे हा पगार थांबणं काही प्रारब्ध नव्हे. माणसांनी केलेला नियम, माणसांनी लावलेला अर्थ आणि माणसांनी न केलेली सही, एवढंच त्यात आहे. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला इथून सुचायला लागलं.

*फळ वेगळं, देणं वेगळं*

गीतेने फळाची आसक्ती सोडायला सांगितली आहे. पण फळ म्हणजे काय? शेतकरी पेरतो, पाऊस पडेल की नाही हे त्याच्या हातात नाही. शिक्षक शिकवतो, मुलगा पुढे काय होईल हे त्याच्या हातात नाही. डॉक्टर उपचार करतो, गुण येईलच असं नाही. जे कोणाच्याच हातात नसतं, ईश्वराच्या हातात असतं, ते फळ. त्याची आशा धरून बसलं की कामही बिघडतं आणि मनही बिघडतं. हे आपण गुरुमाऊलींच्या पायाशी बसून ऐकलंय, आणि ते खरंच आहे.

पगार मात्र कोणाच्या तरी हातात असतो. दोघांनी मिळून ठरवलेला असतो, की तू इतकं काम कर, मी अमुक तारखेला इतकं देईन. काम झालं की ते देणं झालं. ते ऋण आहे. ऋण फेडण्याबद्दल आपला धर्म किती कडक आहे ते आपल्याला ठाऊक आहे. ऋण बुडवणाऱ्याने समोरच्याला "फळाची आशा धरू नकोस" असं सांगितलं, तर त्याला आपण अध्यात्म म्हणणार का?

आपल्या परंपरेत हिशेबाला कमी लेखलेलं नाही. नाथमहाराजांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते, म्हणजे आजच्या भाषेत सरकारी नोकरच. एकनाथ त्यांच्याकडे हिशेब लिहायचे. परंपरा सांगते, की एकदा एका पैचा मेळ लागेना म्हणून नाथ रात्रभर दिवा लावून बसले, आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. गुरूंनी म्हटलं, एका पैसाठी जशी एकाग्रता लावलीस तशी ईश्वरासाठी लाव. ही गोष्ट आपण नेहमी एकाग्रतेसाठी सांगतो. पण तिचा एक साधा अर्थ आपल्या नजरेतून सुटतो. गुरू असं म्हणाले नाहीत, की "एका पैचं काय एवढं, सोडून दे." ती पै कोणाची तरी होती.

*उपवास आणि उपासमार*

आबांनी जे लिहिलं त्यात वाक्य चुकीचं नव्हतं. ते कोणी कोणाला म्हणायचं, तिथे चूक झाली. निष्कामपणा हे स्वतः घ्यायचं व्रत आहे. ते दुसऱ्याच्या गळ्यात बांधता येत नाही.

उपवास आणि उपासमार, दोन्हींत पोट रिकामंच असतं. पण एकादशीला आपण जेवत नाही तेव्हा डब्यात साबुदाणा असतो, आणि उद्या द्वादशी आहे हे ठाऊक असतं. ज्याच्या घरात उद्या काय शिजणार हे ठाऊक नाही, त्याला "आज एकादशी समजा" असं म्हणणं क्रूरपणाचं आहे. हे आम्ही उगाच म्हणत नाही. २०२५ मध्ये तिथे सुमारे ४ कोटी २० लाख गरीब लोकांना सरकारकडून अन्नासाठी महिन्याला मदत मिळत होती. नोव्हेंबर सुरू झाला तेव्हा ती मदत वेळेवर पोचली नाही. न्यायालयात धाव घ्यावी लागली. तारखा पाहिल्या तर आपली कार्तिकी एकादशी त्याच दोन दिवसांतली.

त्या अडवणुकीत दोन्ही पक्ष म्हणत होते, आम्ही तत्त्वासाठी उभे आहोत. असतीलही. आजारी माणसाचा विमा हे लहान तत्त्व नाही, आणि आधी सरकार चालू ठेवावं हेही लहान तत्त्व नाही. कोण बरोबर हे ठरवणं आपलं काम नाही. पण सत्याग्रहाची एक कसोटी आपल्या देशाने पाहिलेली आहे. सत्याग्रही क्लेश स्वतःच्या अंगावर घेतो. उपास त्याचा, तुरुंगवास त्याचा. इथे अडून बसलेल्या खासदारांचा पगार चालू होता आणि उपास दुसऱ्याच्या घरी होता. काही खासदारांनी आपणहून पगार नको म्हणून सांगितलं, ते त्यांना शोभलं. पण नियम तसा नाही.

आणि त्या नियमातच एक शहाणपण दडलेलं आहे. अमेरिकेची घटना म्हणते, की न्यायाधीशांचं आणि राष्ट्राध्यक्षांचं वेतन ते पदावर असताना कमी करता येणार नाही. का? तर पगार अडवून कोणी त्यांच्यावर दबाव आणू नये. म्हणजे पगार अडवणं हा माणसाला वाकवण्याचा मार्ग आहे, हे घटना लिहिणाऱ्यांना सव्वादोनशेहून जास्त वर्षांपूर्वी पक्कं कळलेलं होतं. मोठ्यांसाठी जे कळलं, ते विमानतळावरच्या तपासनीसासाठी का कळू नये?

*मग त्याने काम सोडावं का?*

हैदराबादच्या एका ताईंनी नंतर आम्हाला विचारलं, "पगार ऋण आहे म्हणता, मग पगार नाही तर काम नाही, असं त्या नियंत्रकाने म्हणावं का?"

आम्हाला असं वाटतं. मनोऱ्यात बसलेल्या नियंत्रकाचं कर्तव्य पगार अडवणाऱ्यांशी बांधलेलं नाही. ते वर आकाशात असलेल्या माणसांशी बांधलेलं आहे. विमानात कोणाची तरी आई असते, कोणाचं बाळ असतं. त्यांनी याचा पगार अडवलेला नाही. म्हणून तो बसून राहतो, आणि इथे निष्काम कर्म हा शब्द खरोखर शोभतो, कारण ते त्याने स्वतः निवडलंय. पण तो बसून राहिला म्हणून देणाऱ्याचं ऋण कमी होत नाही. उलट वाढतं.

त्याला दुसरा पर्यायही फारसा नसतो. तिथे केंद्रीय कर्मचाऱ्यांना संपाची परवानगी नाही. १९८१ मध्ये हवाई नियंत्रक संपावर गेले, तेव्हा ११ हजारांहून जास्त लोकांना राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी कामावरून काढून टाकलं.

आणि जो नाही बसू शकला त्याचं काय? २०१९ च्या जानेवारीत विमानतळावरचे तपासनीस मोठ्या संख्येने गैरहजर राहायला लागले. काहींजवळ कामावर जायला पेट्रोलचे पैसे नव्हते, काही पोटासाठी दुसरं काम धरत होते. २५ जानेवारीला नियंत्रक कमी पडले म्हणून न्यूयॉर्कच्या विमानांना उशीर व्हायला लागला, आणि त्याच दिवशी ३५ दिवसांची ती अडवणूक मिटली. २०२५ मध्येही नोव्हेंबरात ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी करावी लागली. जे गैरहजर राहिले त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. ज्याचा डबा भरलेला आहे, त्याने दुसऱ्याच्या सहनशक्तीचं मोजमाप करू नये.

*नंतर मिळालं, मग काय बिघडलं?*

हा प्रश्नही गटात आला. २०१९ मध्ये तिथे कायदा झाला, की असा अडकलेला पगार नंतर द्यायचाच. काकूंच्या मुलीलाही तो मिळाला. पण मधल्या काळात सरकारमधूनच शंका काढली गेली, की रजेवरच्या लोकांना तो आपोआप मिळतो का. काकू म्हणाल्या, त्या दिवसांत पोरगी फोनवर बोलायची ती अगदी हळू आवाजात, नातवाला ऐकू जाऊ नये म्हणून. ही हळू आवाजातली रात्र कोणत्या थकबाकीत भरून मिळते?

शिवाय त्या कायद्यात सगळे येत नाहीत. सरकारी इमारतींत झाडूपोछा करणारे, उपाहारगृहात वाढणारे, दारावर उभे राहणारे, असे कितीतरी लोक कंत्राटदाराकडून येतात. इमारत बंद तर त्यांचं काम बंद, आणि तो रोज नंतर भरून देण्याची हमी कोणी घेतलेली नाही. ज्यांचा पगार सर्वांत कमी, त्यांचाच कायमचा बुडतो.

इंदूरच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. हुकुमचंद मिल १९९२ च्या सुमाराला बंद पडली. कामगारांच्या हक्काचे पैसे, सुमारे २२४ कोटी रुपये, मार्गी लागले ते डिसेंबर २०२३ मध्ये. तीस वर्षांत किती जण गेले! ज्यांच्या मुलांची शिक्षणं सुटली, ती मुलं आता स्वतः पन्नाशीला आली. रक्कम मिळाली हे चांगलंच झालं, पण वेळ परत मिळाली नाही. पाणी तहान लागली तेव्हा पाहिजे असतं.

लोकांनी मात्र माणुसकी सोडली नाही, हेही सांगितलं पाहिजे. २०१९ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या शीख मंडळींनी या कर्मचाऱ्यांसाठी गरम जेवणाचा लंगर लावला. काही पतसंस्थांनी बिनव्याजी कर्ज दिलं. ही सेवा, तिला आमचा दंडवत. पण ज्याची नोकरी शाबूत आहे, ज्याने महिनाभर काम केलंय, त्याला जेवणाच्या रांगेत उभं राहावं लागतं तेव्हा दानाने त्याचं पोट भरतं, हक्क भरत नाही. सेवा करणाऱ्याचं पुण्य देणेकऱ्याच्या खात्यात जमा होत नाही.

*आता आमची गोष्ट*

इथपर्यंत लिहून आम्ही हा लेख पाठवणार होतो. पण एका केंद्रावरच्या बैठकीत जे घडलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. केंद्राचं नाव देत नाही. बैठकीत आम्ही होतो, म्हणून दोष आमचाच धरावा.

सभागृहाच्या रंगकामाच्या खर्चावरून समितीत दोन तट पडले. हिशेब मंजूर होत नाही तोवर खजिनदार धनादेशावर सही करेनात. त्यांचंही बरोबर होतं, मंजुरीशिवाय खर्च करायचा नाही हा नियम आहे. दोन्ही बाजूंना वाटत होतं, आपणच केंद्राचं हित बघतोय. अडीच महिने गेले. आरती चालू होती, प्रसाद चालू होता. सभागृह झाडणाऱ्या मावशी आणि रात्रीचे राखणदार रोज येत होते, आणि त्यांचा पगार त्याच अडकलेल्या हिशेबात होता.

एकदा कोणीतरी हळूच विषय काढला. तेव्हा एक जण म्हणाले, "मावशी गुरूंच्या दारात सेवा समजून करतात, त्यांना पैशाचं काही नाही." आम्ही सगळ्यांनी मान हलवली. मावशींना विचारलं कोणीच नाही. मागाहून त्यांच्या मुलीकडून कळलं, की घरभाड्यासाठी त्यांनी कानातलं गहाण टाकलं होतं.

अमेरिकेच्या संसदेवर आम्ही चार पानं लिहिली, आणि तेच आमच्या सतरंजीवर बसून आम्ही केलं होतं. निष्काम शब्द आम्हीही वापरला होता, तोही दुसऱ्याच्या पगारावर.

त्यानंतर समितीने ठरवलं, की काम करणाऱ्याचा पगार वादात येणार नाही. त्याचे तीन महिन्यांचे पैसे वेगळ्या खात्यात आधी ठेवायचे, मग रंगाचं काय ते भांडायचं. मावशींचे पैसे दिले, कानातलं सोडवून आणलं, व्याज समितीच्या लोकांनी खिशातून भरलं. मावशींनी पैसे मोजून घेतले. आम्हाला ते मोजणं बरं वाटलं.

घरात आजच एकदा बघावं. कामवाल्या बाई, गाडी धुणारा मुलगा, इस्त्रीवाले, दूधवाले, कोणाचं आपल्याकडे राहिलंय का? नवराबायकोच्या अबोल्यात, भावाभावांच्या वाटणीच्या वादात, सोसायटीच्या भांडणात कोणा तिसऱ्याचा पगार अडकलाय का? असेल तर वाद चालू राहू दे, पगार आज देऊन टाकावा. आणि कोणी अडचण सांगितली, तर त्याला वैराग्य सांगण्याआधी "किती कमी पडतंय?" एवढं विचारावं.

आबांना हा लेख आधी वाचून दाखवला. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "काकूंचा नंबर द्या, मी बोलतो." बडोद्याला फोन झाला. काय बोलणं झालं ते आम्ही विचारलं नाही.

॥ श्रीगुरुचरणी अर्पण ॥